तिथे खाणार काय? जपानमधल्या आमच्या स्वयंपाकघरातून

मुलगा किंवा मुलगी जपानला निघाली, की घरातून पहिला प्रश्न येतो तो पगाराचा नसतो आणि भाषेचाही नसतो. आई विचारते, "तिथे खाणार काय?" आजी विचारते, "तिथं कच्चे मासे खातात म्हणे?" आणि वडील गुपचूप दोन किलो तूरडाळ बॅगेत टाकतात.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त घरांत विचारला जातो आहे. संगणकाच्या कामासाठी आपली माणसे वीस-पंचवीस वर्षांपासून टोकियोला जात आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. तेव्हापासून वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल अशा कामांसाठीही तरुण मुले-मुली जपानी भाषेचे वर्ग लावू लागली आहेत. त्यांच्या घरच्यांना आणि त्यांना स्वतःला उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आम्ही दोघे मूळचे अकोल्याचे. गेली नऊ वर्षे टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाइ स्टेशनजवळ राहतो. मुलगी तिथल्या सरकारी शाळेत चौथीत आहे. निशी-कासाइला भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तूरडाळ, पोहे, ज्वारीचे पीठ, हिंग, मोहरी सगळे दुकानात मिळते. अडचण वस्तूंची नाही. फक्त आपलेच खायचे म्हटले तर खर्च वाढतो आणि ताजी भाजी-मासळी सोडून माणूस डबाबंद वस्तूंवर येतो. फक्त बाहेरचे खायचे म्हटले तर अंगात मीठ साठते. एकटी राहणारी मुले बहुतेक दुसऱ्या वाटेला जातात. कामावरून रात्री दहाला येतात, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, ज्याला तिथे 'कोन्बिनी' म्हणतात, गरम पाण्याचे नूडल्स घेतात आणि झोपतात. वर्ष-दोन वर्षांत तपासणीच्या कागदावर रक्तदाबाचा आकडा लाल शाईत येतो. म्हणून जपानी स्वयंपाक थोडा तरी शिकून घ्यावा, असे आमचे मत आहे. तो अवघड नाही.

दाशी: चवीचा पाया

आपल्याकडे भाजीची सुरुवात फोडणीने होते, जपानमध्ये 'दाशी'ने. दाशी म्हणजे चवीचे पाणी. ते चार गोष्टींपासून करतात: कोम्बू नावाचे समुद्री शेवाळ, कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस, निबोशी म्हणजे उकडून वाळवलेली छोटी मासळी आणि वाळवलेले शिइताके अळंबे. निबोशीची पिशवी उघडली की आपल्या सुकटीची आठवण येते. चवीला आपली सुकी मासळी आणि त्यांची निबोशी बहिणी-बहिणीच आहेत.

१९०८ साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. आरोग्याच्या दृष्टीने या चवीचा मोठा उपयोग आहे. दाशी चांगली असेल तर तोच रस्सा कमी मिठात चालतो.

सगळ्यात सोपी दाशी अशी: एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम, म्हणजे साधारण तळहाताएवढा, कोम्बूचा तुकडा अर्धा तास भिजवा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर आणखी चांगले. मग मंद आचेवर तापवा आणि पाणी उकळायच्या आत तुकडा काढून घ्या, नाहीतर चिकट आणि कडवट होते. मासळी न खाणाऱ्यांनी चार-पाच सुके शिइताके अर्धा लिटर थंड पाण्यात रात्रभर ठेवावेत. हे पाणी वरणात घातले तरी छान लागते.

इथे दोन सूचना. पहिली, शाकाहारी माणसाने दाशीविषयी विचारल्याशिवाय काही खाऊ नये. भाजीच्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, अंड्याच्या वडीत, अगदी तोफूवरच्या रसातही मासळीची दाशी असू शकते. "मांस नाही" असे हॉटेलवाला सांगतो तेव्हा मासळी त्याच्या हिशेबात नसते. दुसरी, कोम्बूत आयोडीनचे प्रमाण फार मोठे असते. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी रोज कोम्बू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मिठाचा हिशेब

जपानी जेवण आरोग्यदायी असते, असे जगभर ऐकायला मिळते. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने या खाद्यपरंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली. भात, एक सूप आणि तीन छोट्या भाज्या-कालवणे अशी त्यांची ताटाची रीत आहे, तिला 'इचिजू-सानसाइ' म्हणतात. तेल कमी, भाज्या-मासळी जास्त, वाढणे थोडे. हे सगळे खरे आहे. पण या ताटाची दुबळी बाजू म्हणजे मीठ.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. जपान सरकारचे उद्दिष्ट पुरुषांसाठी ७.५ ग्रॅमपेक्षा आणि स्त्रियांसाठी ६.५ ग्रॅमपेक्षा कमी असे आहे. प्रत्यक्षात सरासरी खाणे सुमारे १० ग्रॅमच्या आसपास जाते. कुठून येते हे मीठ?

एक मोठा चमचा शोयु म्हणजे सोया सॉस: सुमारे अडीच ग्रॅम. एक वाटी मिसो सूप: सव्वा ते दीड ग्रॅम. जुन्या पद्धतीने खारवलेले एक उमेबोशी: सुमारे दोन ग्रॅम. रामेनचा एक वाडगा, सगळा रस्सा पिऊन: पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त. म्हणजे एका रामेनमध्ये दिवसाचे मीठ संपले.

शोयुबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. फिक्या रंगाचा 'उसुकुची' शोयु दिसायला सौम्य असतो, पण त्यात गडद शोयुपेक्षा मीठ जास्त असते. आणि शोयुत गहू असतो, त्यामुळे गव्हाचे पथ्य असणाऱ्यांना तो चालत नाही.

उपाय साधे आहेत. रामेन खा, पण रस्सा वाडग्यात सोडून द्या. तिथे कोणी वाईट मानत नाही. शोयु पदार्थावर ओतू नका, छोट्या बशीत घेऊन टोक बुडवा. मिसो सूप दिवसातून एकदाच, आणि त्यात भाज्या इतक्या की पाणी कमी मावेल: मुळा, गाजर, भोपळा, कांदा, तोफू. मिसो शेवटी, गॅस बंद करून विरघळवायचा, त्यामुळे वास टिकतो आणि कमी मिसो पुरतो. लिंबू, आले, तीळ, मिरची आणि आपली कोथिंबीर मिठाची जागा बरीच भरून काढतात.

पाकिटावर मिठाचा आकडा ग्रॅममध्ये छापलेला असतो. त्या ओळीला 'शोकुएन सोतोऱ्यो' म्हणतात. ती चार-पाच चित्राक्षरे ओळखायला शिका. भाषा येत नसली तरी त्यापुढचा आकडा वाचता येतो. २०२० पासून पाकीटबंद खाद्यपदार्थांवर पोषणाची ही माहिती देणे तिथे बंधनकारक आहे. नूडल्सच्या कपावर हा आकडा पाचच्या आसपास दिसला की तो कप परत फळीवर ठेवायचा, हे आमच्या घरात मुलीलाही माहीत आहे.

लोकांनी ठरवले तर सवय बदलते, याचे उदाहरण जपानमध्येच आहे. डोंगराळ नागानो प्रांतात थंडीसाठी लोणची आणि खारवलेल्या वस्तू भरपूर खात, आणि पक्षाघाताने माणसे जात. १९८०च्या दशकात तिथे मीठ कमी करण्याची मोहीम चालली. गावोगावच्या स्वयंसेवक बायकांनी घरोघर जाऊन सूपमधले मीठ मोजून दाखवले. पुढे नागानोचे नाव जपानमधल्या सर्वाधिक आयुर्मानाच्या प्रांतांत घेतले जाऊ लागले. आपल्या वस्तीत पापड, लोणचे, खारवलेली मिरची यांचा असा हिशेब एखाद्या महिला मंडळाने मांडला, तर तेही मोठे काम होईल.

पांढरा भात आणि एक धडा

जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो. तीन-चार वेळा धुऊन, अर्धा तास भिजवून, तांदळाच्या सव्वापट पाण्यात तो शिजवतात. कुकरबरोबर येणारे माप १८० मिलिलिटरचे असते. आपल्या वाटीच्या अंदाजाने पाणी घातले तर भात बिघडतो.

या पांढऱ्या भाताने जपानला एकदा फार महाग शिकवले. हातसडीचा तांदूळ सोडून लोक पॉलिश केलेला तांदूळ खाऊ लागले, तेव्हा शहरांत 'काक्के' म्हणजे बेरीबेरी हा आजार पसरला. पाय सुजायचे, बधीर व्हायचे, शेवटी हृदय थांबायचे. १८८३ साली 'र्युजो' या नौदलाच्या जहाजावर लांबच्या सफरीत ३७६ पैकी १६९ जणांना हा आजार झाला आणि २५ जण दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना संशय होता तो आहाराचा. पुढच्या वर्षी त्यांनी 'त्सुकुबा' हे जहाज जवळपास त्याच मार्गाने, पण बदललेला आहार देऊन पाठवले. त्या जहाजावर बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. नौदलाने भातात बार्ली म्हणजे जव मिसळायला सुरुवात केली. भूदलाच्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र हे मानले नाही, आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात हजारो सैनिक बेरीबेरीने गेले. कारण होते जीवनसत्त्व ब-१ चा अभाव, जे कोंड्यात असते आणि पॉलिशमध्ये निघून जाते.

पुरावा समोर असताना केवळ मोठ्या माणसांचा हट्ट म्हणून तो नाकारला, तर काय होते हे या गोष्टीतून दिसते. स्वतः तपासून पाहा, मग स्वीकारा, ही तथागतांची शिकवण स्वयंपाकघरातही लागू आहे.

आजही तिथे 'मुगी-गोहान' म्हणजे जव मिसळलेला भात मिळतो, आणि जवाची पाकिटे प्रत्येक दुकानात असतात. आम्ही दोन भाग तांदूळ आणि एक भाग जव घेतो. पोट भरते, तंतू मिळतात, आणि मधुमेहाकडे झुकलेल्या माणसाला निव्वळ पांढऱ्या भातापेक्षा हे बरे. आठवड्यातून तीनदा ज्वारीची भाकरी असतेच.

त्यांची भाजी, आपली फोडणी

जपानी वस्तू घेतली म्हणजे जपानी पदार्थच केला पाहिजे, असे नाही. आमच्या घरात रोज चालणाऱ्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, कोमात्सुना. ही मोहरीच्या कुळातली हिरवी पालेभाजी. आम्ही राहतो त्या एदोगावातल्या कोमात्सुगावा गावावरून तिला हे नाव पडले. लसूण, सुकी मिरची आणि थोडे शेंगदाण्याचे कूट घालून ती परतली, तर मुळ्याच्या पाल्याची भाजी खाल्ल्यासारखे वाटते. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. तिथला लांब पांढरा मुळा, दाइकोन, पाल्यासकट मिळाला तर तोही टाकू नका.

दुसरी, कोया-दोफू. हा गोठवून वाळवलेला तोफू. पुठ्ठ्यासारखा कडक दिसतो, पण कोमट पाण्यात भिजवला की स्पंजासारखा फुगतो. निम्मे वजन प्रथिनांचे असते. एका छोट्या वडीत साधारण आठ ग्रॅम. भिजवून, हाताने दाबून पाणी काढायचे, चौकोनी तुकडे करायचे आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्शात सोडायचे. तो रस्सा पूर्ण शोषून घेतो. मांस-मासळी न खाणाऱ्या, पैसे जपून वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. कपाटात महिनोन्महिने टिकते.

तिसरी, ओकारा. तोफू करताना सोयाबीनचे दूध काढल्यावर उरलेला चोथा. अतिशय स्वस्त, आणि तंतूंनी भरलेला. एक वाटी ओकारा, एक वाटी ज्वारीचे पीठ, मूठभर बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर, ओवा, चवीपुरते मीठ. थालीपीठ लावा. घरी आलेल्या जपानी मैत्रिणींनी आमच्याकडून याची कृती लिहून नेली आहे.

बाबांचे औषध आणि नात्तो

या लेखात एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल, तर ती ही असावी.

दोन वर्षांपूर्वी बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. लहानपणी सांधेतापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. पुढे शस्त्रक्रिया करून कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून ते रक्त गोठू न देणारी वॉरफॅरिन ही गोळी रोज घेतात. आपल्याकडे सांधेतापाचा हा आजार दाटीवाटीच्या वस्त्यांत जास्त आढळतो, त्यामुळे अशी गोळी घेणारे कोणी ना कोणी आपल्या नात्यात असतेच. काहींना त्याच कामाची ॲसिनोकुमॅरोल ही गोळी असते.

या गोळ्या जीवनसत्त्व 'के' च्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'के' व्हिटॅमिनच्या, कामात अडथळा आणून काम करतात. आणि जपानमध्ये घरोघर सकाळी खाल्ला जाणारा नात्तो, म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन, हा त्याच जीवनसत्त्वाचा साठा आहे. शिवाय नात्तोतले जंतू पोटात गेल्यावरही ते तयार करत राहतात. थोडासा खाल्ला तरी गोळीचा परिणाम काही दिवस कमी होऊ शकतो. झडपेवर गाठ धरली तर पक्षाघात होतो. म्हणून जपानमध्ये वॉरफॅरिन देताना औषधवाला नात्तो पूर्ण बंद करायला सांगतो. त्याच यादीत क्लोरेला आणि 'आओजिरू' नावाचा हिरव्या पानांचा रसही आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांनी हे सांगितलेले नसते, कारण आपल्याकडे नात्तो खातच नाहीत.

बाबा यायच्या आधीच आम्ही ही माहिती काढून ठेवली होती, आणि एका कार्डावर जपानी भाषेत लिहून घेतले होते: मी वॉरफॅरिन घेतो, नात्तो खाऊ शकत नाही. ते कार्ड त्यांच्या खिशात असायचे. शेजारच्या आजी रोज सकाळी झाडांना पाणी घालताना बाबांना वाकून नमस्कार करत. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण बाबा त्यांना 'ताई' म्हणत आणि त्या हसत. एक दिवस त्या घरी केलेल्या नात्तोचा डबा घेऊन आल्या. पाहुण्याने आणलेले नाकारायचे कसे, म्हणून बाबा अवघडले. त्यांनी कार्ड पुढे केले. आजींनी ते वाचले, दोन्ही हातांनी डबा मागे घेतला आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोया-दोफूची शिजवलेली वाटी घेऊन आल्या. त्यांचे दिवंगत यजमान हीच गोळी घेत होते, हे आम्हाला नंतर कळले.

हिरव्या पालेभाज्यांतही हे जीवनसत्त्व असते. त्या बंद करायच्या नसतात. रोज साधारण सारख्या प्रमाणात खायच्या असतात. बाबांच्या ताटात कोमात्सुना रोज ठरलेली अर्धी वाटी असे. आणि रक्ताची 'आयएनआर' तपासणी जपानमध्येही वेळेवर करून घेतली. अशी गोळी घेणाऱ्यांनी आहारातला कोणताही मोठा बदल आपल्या डॉक्टरांना सांगूनच करावा, आणि गोळीचे प्रमाण स्वतःहून कधीही बदलू नये.

ज्यांना अशी गोळी नाही, त्यांना मात्र नात्तो चांगला. स्वस्त असतो, प्रथिने भरपूर. बारीक कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू घालून खाल्ला तर वास सहन होतो. सोबतची सॉसची पुडी निम्मीच वापरावी.

कच्चे मासे आणि मोची

आजीच्या प्रश्नाचे उत्तर: हो, कच्चे मासे खातात, पण तुम्हाला खावेच लागतील असे नाही. भाजलेला बांगडा, सार्डिन, साल्मन सगळीकडे मिळते आणि उत्तम असते. मीठ लावलेली मासळी वेगळी असते, ती विचारून टाळा. कच्च्या मासळीत अनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. तिने पोटात भयंकर कळा येतात. उणे २० अंशांवर चोवीस तास गोठवल्याने किंवा ६० अंशांवर एक मिनिट तापवल्याने ती मरते. व्हिनेगर, मीठ किंवा वासाबीने मरत नाही. गरोदर स्त्रियांनी कच्ची मासळी टाळावी, आणि पाऱ्याच्या भीतीमुळे मोठ्या ट्यूनासारखे मासे शिजवूनही बेताने खावेत, अशी तिथल्या आरोग्य खात्याचीही सूचना आहे.

नव्या वर्षाला 'मोची' हे तांदळाचे चिकट गोळे खातात. दरवर्षी काही वृद्ध ते घशात अडकून दगावतात. आई-वडील आले असतील तर मोचीचे अगदी बारीक तुकडे करा, सोबत पाणी किंवा सूप द्या, आणि खाताना शेजारी बसा.

ॲलर्जी असणाऱ्यांसाठी अंडी, दूध, गहू, सोबा, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड या गोष्टी पाकिटावर लिहिणे बंधनकारक आहे. सोबा म्हणजे बकव्हीटच्या नूडल्स. त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

मंदिराचे ताट आणि वस्तीचे ताट

वाकायामा प्रांतातल्या कोयासान या पर्वतावर बाराशे वर्षांपासून बौद्ध मठ आहेत. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, त्यामुळे आपली अनेक माणसे तिथे जातात. मठांत मुक्काम केला तर 'शोजिन ऱ्योरी' मिळते: मांस, मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. कोया-दोफूला नाव मिळाले ते याच पर्वतावरून. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली. तांदळाचा एक दाणाही वाया न घालवता, मन लावून रांधणे ही साधनाच आहे, असा तिचा रोख आहे.

जपानी लोक 'हारा हाचिबू' म्हणतात, म्हणजे पोट दहापैकी आठ भागच भरा. आपल्याला हे नवीन नाही. अति खाऊन धापा टाकत आलेल्या राजा पसेनदीला बुद्धांनी मात्रा ओळखून खायला सांगितले, आणि राजाने हळूहळू भात कमी केला, ही कथा विहारांत आपण ऐकली आहे. मांस खावे की नाही याची सक्ती मात्र तथागतांनी केली नाही. देवदत्ताची ती मागणी त्यांनी नाकारली होती.

जपानच्या ताटाची दुसरी बाजूही माहीत असावी. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. पुढे शतकानुशतके मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे लोक अपवित्र ठरवले गेले, त्यांच्या वस्त्या वेगळ्या पाडल्या गेल्या. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद संपला, पण माणसांच्या मनातून गेला नाही. १९२२ साली क्योतोत याच बुराकु समाजाने समतेसाठी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. त्यांच्या वस्त्यांतून आलेले 'आबुराकासु' म्हणजे चरबी निघेपर्यंत तळलेली आतडी, आणि 'साइबोशी' म्हणजे सुकवलेले घोड्याचे मांस, आज ओसाकात सगळेच आवडीने खातात. आपल्याकडच्या चान्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात अशा अन्नाची नोंद केली आहे. ज्यांना चांगले तुकडे नाकारले गेले, त्यांनी उरलेल्यातून पोषण काढले. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आरोग्याची बाब एवढीच, की आतड्या-काळजाचे पदार्थ पूर्ण शिजवून खावेत. गाईचे कच्चे काळीज वाढण्यावर जपानने २०१२ पासून बंदीच घातली आहे.

शाळेतले ताट

आमच्या मुलीच्या शाळेत दुपारचे जेवण शाळेतच असते. १९५४ पासून त्यासाठी कायदा आहे. पोषणतज्ज्ञ महिन्याचा तक्ता घरी पाठवतात. मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून पाळीपाळीने वर्गात वाढतात. सगळ्यांना एकच जेवण, आणि शिक्षकही तेच खातात. आज ज्याने वाढले त्याला उद्या दुसरा वाढतो. कोणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. आपल्याकडे शाळेच्या खिचडीवरून अजूनही काय काय घडते, ते वाचकांना सांगायला नको. मुलगी घरी येऊन सांगते, "आज माझी सूप वाढायची पाळी होती." आम्हाला ते ऐकायला रोज आवडते.

निघणाऱ्यांसाठी

औषधे: डॉक्टरांनी दिलेली औषधे एक महिन्यापुरतीच परवानगीशिवाय नेता येतात. जास्त न्यायची असतील तर आधी जपान सरकारकडून आयातीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा.

सामान: कोणत्याही प्रकारचे मांस, सुके असले तरी, नेऊ नका, कडक दंड आहे. मसाले, डाळी तिथे मिळतात, त्यामुळे बॅगेची जागा वाया घालवू नका. एक छोटा तवा आणि पोळपाट मात्र न्या.

तपासणी: कंपनीला कामगाराची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करावी लागते. अहवाल कपाटात ठेवू नका, समजून घ्या. चाळिशीनंतरच्या खास तपासणीत कंबरही मोजतात. पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि स्त्रियांना ९० सेंटिमीटर ही धोक्याची खूण धरतात. पालिकेच्या आरोग्य केंद्रात आहाराविषयी सल्ला मिळतो, तो मागायला संकोच करू नका.

स्वयंपाक: आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस रांधायला द्या. जवाचा भात शिजवून छोट्या डब्यांत गोठवा, दाशी बाटलीत भरून ठेवा, एक पालेभाजी चिरून ठेवा. मग रात्री दहाला आलात तरी पंधरा मिनिटांत गरम जेवण होते. आणि दोन-तीन जण मिळून रांधा. परदेशात एकटेपणानेही माणूस आजारी पडतो; एका भांड्यातले चौघांनी खाल्ले की जेवणही बरे होते आणि मनही.